अडगळीतल्या संगणकाचा दुसरा डाव

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या काही वस्तूंवर दरवर्षी खटला चालतो. पाय मोडलेली खुर्ची, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, आजेसासूबाईंचा पितळी बंब. अलीकडे या आरोपींमध्ये आणखी एकाची भर पडली आहे. कोपऱ्यातल्या टेबलावर भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला जुना संगणक! तो चालतो म्हणावे तर चालत नाही, बिघडला म्हणावे तर बिघडलेलाही नाही. टाकवतही नाही आणि ठेवून उपयोगही नाही.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. घर नमुन्यादाखल आहे, पण अशी घरे रायपुरात पुष्कळ सापडतील. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी माणसे येत राहिली आणि इथलीच झाली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी असा त्यांचा त्रिभाषिक संसार. भंगारवाल्याला इथली मराठी मंडळीही 'कबाडीवाला'च म्हणतात. या घरातले आजोबा, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, वीज मंडळातून निवृत्त झालेले. संगणक २०१० साली मुलाने हौसेने घेतलेला.

"अण्णा, या दिवाळीत तरी हा डबा कबाडीवाल्याला देऊन टाकू या का?" सूनबाई विचारतात.

"द्या की. पण त्यात माझं लिखाण आहे, तेवढं आधी काढून द्या," अण्णा म्हणतात.

निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत अण्णांनी त्या संगणकावर आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या. बूढा तालाबावरच्या संध्याकाळी, महाराष्ट्र मंडळातला गणेशोत्सव, मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळा झाला ती १ नोव्हेंबर २००० ची रात्र. ऐंशी पाने भरली आणि मग संगणक इतका मंदावला की अण्णांनी हात टेकले. आज बटण दाबल्यावर पडदा उजळायला चहा होऊन थंड होण्याइतका वेळ लागतो.

सुट्टीत घरी आलेली नात मात्र म्हणते, "आजोबा, एवढ्यात टाकू नका. मी त्यात लिनक्स घालून बघते."

"ते काय असतं? औषध?"

"तसंच समजा!"

म्हातारपण नेमके कशाचे?

संगणक जुना होतो म्हणजे त्याचे काय होते? पंख्यात धूळ बसते, डिस्क थकते, हे खरे. पण पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आजही तितक्याच वेगाने बेरजा-वजाबाक्या करतो, जितक्या वेगाने पहिल्या दिवशी करत होता. बदलते ते त्याच्यावर लादले जाणारे ओझे. संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली असते, ती दर नव्या आवृत्तीत अधिक स्मरणशक्ती मागते. आणि जुनीच प्रणाली ठेवावी म्हटले तर एका तारखेनंतर कंपनी तिची देखभाल थांबवते.

विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर घ्यायचे ते विंडोज ११. पण त्याच्या अधिकृत अटींनुसार किमान ४ जीबी रॅम, सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि साधारण २०१८ नंतरच्या पिढीतला प्रोसेसर लागतो. अण्णांच्या संगणकात 'कोअर टू ड्युओ' प्रोसेसर आणि २ जीबी रॅम. म्हणजे तो या पंगतीत बसूच शकत नाही.

देखभाल थांबली म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही. पण नव्याने सापडणाऱ्या फटी कोणी बुजवत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायची सोडून दिलेल्या घरासारखे ते होते. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे गळक्या खोलीत गादी घालून झोपण्यासारखे आहे.

थोडक्यात, यंत्र म्हातारे ठरते ते बहुतेक वेळा त्याला सांभाळणारा हात काढून घेतला जातो तेव्हा. तो हात दुसरा कोणी देईल का, एवढाच प्रश्न उरतो.

एकच कणीक, पदार्थ अनेक

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने आपण हौस म्हणून एक नवी प्रणाली लिहीत असल्याचे इतर संगणकप्रेमींना कळवले. तिचा मूळ मजकूर त्याने कुलूपबंद ठेवला नाही. कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'जीएनयू' या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पातली हत्यारे तिच्या जोडीला होतीच. दोन्ही मिळून आज ज्याला सर्रास लिनक्स म्हणतात ती प्रणाली उभी राहिली.

भारतात ती आली तेव्हा टेलिफोनवरून चालणारे इंटरनेट इतके मंद होते की एवढी मोठी प्रणाली त्यावरून उतरवून घेणे अशक्यच. त्या काळात 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली. त्या उपक्रमामागे बंगळूरला स्थायिक झालेले अतुल चिटणीस हे नाव आघाडीवर होते. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. मासिकाच्या वेष्टणातली ती सीडी हीच लहान गावांतल्या कित्येकांची लिनक्सशी पहिली ओळख.

लिनक्स हे एकच असले तरी ते घरी येते ते वेगवेगळ्या रूपांत. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी त्यांची नावे. स्वयंपाकघरातली भाषा वापरायची तर कणीक एकच. कोणी तिचा फुलका करतो, कोणी पुरी, कोणी पुरणपोळी. लिनक्सच्या गाभ्याभोवती पडद्याची मांडणी, लिहिण्याचे आणि चित्रे पाहण्याचे प्रोग्राम बांधून जो संच तयार होतो, त्याला वितरण म्हणतात. कोणते वितरण निवडायचे हे खाणाऱ्याच्या पचनशक्तीवर ठरवावे. चकचकीत सजावटीची मांडणी ही पुरणपोळी. जुन्या यंत्राला 'एक्सएफसीई' किंवा 'एलएक्सक्यूटी' नावाच्या साध्या मांडणीचा फुलका बरा.

इथे एक गैरसमज पुष्कळांच्या मनात असतो: जुन्या संगणकाला जुनेच लिनक्स घालावे. तसे करू नये. जुन्या आवृत्तीचीही देखभाल कधीतरी संपतेच, मग विंडोज सोडून मिळवले काय? उलट आजचे, देखभाल चालू असलेले, पण हलक्या मांडणीचे वितरण घ्यावे. मिंटची २२ वी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि तिची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर सोयीचे. म्हणजे २०१० सालच्या यंत्रावर २०२९ पर्यंत सांभाळली जाणारी प्रणाली बसू शकते.

लिनक्सही कधी हात सोडते

पण लिनक्स म्हणजे काही कल्पवृक्ष नाही. टॉरव्हाल्ड्सने पहिले लिनक्स लिहिले ते इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरच्या यंत्रावर. २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीत लिनक्सने त्याच ३८६ चा हात सोडला! ज्या पाळण्यात जन्म झाला तोच माळ्यावर गेला. कारण व्यवहाराचे होते. वापरणारे कोणी उरले नाहीत आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली गुंतागुंत बाकी सगळ्यांच्या कामात आडवी येत होती.

आज तीच वेळ ३२ बिटी यंत्रांवर आली आहे. २००६ च्या आसपासपर्यंतचे बरेच पेंटियम आणि २००८-०९ च्या सुमाराचे काही छोटे लॅपटॉप या जातीचे. उबुंटूने २०१७ पासून त्यांच्यासाठी आपला नेहमीचा संच देणे थांबवले. गूगलच्या क्रोमने ३२ बिटी लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली, आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्यांनीही तोच मार्ग धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याचा संचच नाही. ज्याच्या घरी तसे यंत्र असेल त्याला डेबियनची २०२३ मधली १२ वी आवृत्ती किंवा मुद्दाम जुन्या यंत्रांसाठी बांधलेले 'अँटीएक्स'सारखे वितरण पाहावे लागेल. अशा यंत्रावर लिहिणे, हिशेब, गाणी एवढ्यावरच समाधान मानावे. बँकेच्या कामाला ते वापरू नये.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: यंत्र ३२ बिटी की ६४ बिटी? विंडोज चालू होत असेल तर 'सिस्टिम'च्या माहितीत प्रोसेसरचे नाव आणि रॅम दोन्ही दिसतात. तिथे विंडोज ३२ बिटी लिहिले असले तरी घाबरू नये. त्या काळात ६४ बिटी प्रोसेसरवरही दुकानदार सर्रास ३२ बिटी विंडोज घालून देत. प्रोसेसरचे नाव पाहून खात्री करावी. कोअर टू ड्युओ ६४ बिटी आहे. अण्णांचा संगणक या परीक्षेत पास होतो.

आधी आठवणी, मग प्रयोग

नवी प्रणाली बसवताना सर्वांत मोठी चूक होते ती पाच सेकंदांची. 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' या पर्यायावर बोट पडते आणि लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, आजोबांची ऐंशी पाने क्षणात नाहीशी होतात. पुढचे सारे काम परत करता येते, ही एक गोष्ट नाही. म्हणून घरातले सर्व कागद, फोटो, हिशेब आधी दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक घरातल्या दुसऱ्या संगणकावर.

नात याहून सोपा उपाय काढते. ती जुनी हार्ड डिस्कच काढून घेते, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळते आणि अण्णांच्या हाती देते. "ही तुमच्या कपाटात ठेवा आजोबा. हिला कोणी हात लावायचा नाही."

तिच्या जागी ती २४० जीबीची एसएसडी बसवते. फिरती तबकडी नसलेली ही डिस्क सन २००५ नंतरच्या बहुतेक यंत्रांतल्या 'साटा' जोडणीला बसते. जुन्या संगणकाला सर्वांत जास्त तरतरी येते ती या एका बदलाने. दुसरा खर्च रॅमचा. २ जीबीची आणखी एक पट्टी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे वापरलेली मिळते. मात्र आपल्या यंत्रात डीडीआर-२ आहे की डीडीआर-३ हे पाहून घ्यावे, एकीची खाच दुसरीला बसत नाही.

पेटी उघडलीच आहे तर धूळ काढावी. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. प्रोसेसरवरच्या पंख्यात बोटभर धूळ असेल तर कोणतीही प्रणाली घाला, यंत्र धापाच टाकणार. मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडावे. त्याआधी वीजजोडणी काढून ठेवावी, आणि पंखा बोटाने अडवून धरावा.

रविवारची सकाळ

मिंटचा एक्सएफसीई मांडणीचा संच इंटरनेटवरून उतरवायला पैसे पडत नाहीत. फाइल तीनेक जीबीची. ती नीट उतरली की नाही हे तपासण्यासाठी संकेतस्थळावर तिचा ६४ अक्षरी ठसा दिलेला असतो. आपल्याकडच्या फाइलीचा ठसा त्याच्याशी जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे बसवताना मध्येच अडकलेले लोक दोष यंत्राला देतात. मग 'रूफस'सारख्या छोट्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तो संच चढवावा. नुसती फाइल त्यावर ठेवून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते.

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ १२, एफ २ किंवा डिलीट यांपैकी एक कळ दाबत राहावी. कोणती ते पडदा उजळताना क्षणभर लिहून येते. तिथल्या यादीत पेन ड्राइव्ह निवडला की मिंट सुरू होते, तेही डिस्कला हात न लावता. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. साडी अंगावर धरून पाहावी, तसे. आवाज येतो का, वायफाय लागते का, पडद्यावरची अक्षरे नीट दिसतात का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सारे इथेच पाहून घ्यावे.

अण्णांच्या घरी पडदा उजळतो आणि पहिलीच अडचण येते. कोणतेही संकेतस्थळ उघडले की 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा.

"झालं! म्हटलं नव्हतं, याचं आयुष्य संपलंय म्हणून," सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणतात.

नात पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहते. तारीख १ जानेवारी २०१०! संगणकाच्या मुख्य पट्टीवर रुपयाएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की यंत्र आपल्या जन्मवर्षाकडे परत जाते. आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे २०१० साली जन्मलीच नव्हती, मग यंत्राने विश्वास तरी कसा ठेवावा? कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानात हा सेल किरकोळ किमतीला मिळतो. अण्णा स्वतः चप्पल घालून निघतात.

सेल बदलतो, तारीख लागते, संकेतस्थळे उघडतात. मग पडद्यावरच्या 'बसवा' या चिन्हावर दोनदा टिचकी. भाषा, कळफलक, वेळेचा विभाग, नाव आणि परवलीचा शब्द एवढेच प्रश्न. नवी डिस्क रिकामीच असल्याने 'पुसून बसवा' म्हणायला धास्ती नाही. ज्यांना एकाच डिस्कवर विंडोजही राखायचे आहे, त्यांनी 'शेजारी बसवा' हा पर्याय घ्यावा आणि तोही प्रती काढल्यावरच. काम चालू असताना वीज गेली तर पंचाईत होते, म्हणून इन्व्हर्टरचा आधार घ्यावा. वीज मंडळात आयुष्य काढलेले अण्णा ही सूचना ऐकून मिशीत हसतात.

वरणाला फोडणी पडेपर्यंत मिंट बसलेले असते. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला जातो. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहतात. मिनिटाच्या आत पडदा तयार!

ऐंशी पाने

आता मुख्य काम. जुनी डिस्क अभ्र्यातून बाहेर येते. लिनक्सला विंडोजची डिस्क वाचता येते, त्यामुळे फाइली सापडायला वेळ लागत नाही. लिहिण्यासाठी मिंटमध्ये 'लिबर ऑफिस' आधीच असते. नात फाइल उघडते आणि खोलीत शांतता पसरते. पडद्यावर नुसती उलटसुलट रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे. एकही ओळ मराठीत नाही.

अण्णा काही बोलत नाहीत. चष्मा काढून पुसतात.

फाइल बिघडलेली नसते. युनिकोड ही जागतिक लिपिसंकेतांची पद्धत घरोघर रुळण्यापूर्वी मराठी टाइप होई ते 'शिवाजी'सारख्या फॉन्टमध्ये आणि हिंदी 'क्रुतिदेव'सारख्या. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे, फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. मुखवटा नसेल तर खालचे रोमन दिसणार. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' या कप्प्यात तो मुखवटा अजून असतो. नात तो शोधून नव्या प्रणालीत बसवते, लिबर ऑफिस बंद करून पुन्हा उघडते.

पहिल्या ओळीत बूढा तालाब येतो.

डिस्क पुसून बसले असते तर फाइल दुसरीकडे राहिली असती, पण मुखवटा गेला असता. म्हणून जुन्या संगणकातून प्रती काढताना फॉन्टही आठवणीने घ्यावेत. आणि पुढच्या पिढीला हा शोध घ्यावा लागू नये म्हणून असा मजकूर परिवर्तकाने एकदाचा युनिकोडमध्ये आणून ठेवावा. जोडाक्षरे आणि रफार चुकण्याची शक्यता असते, तेव्हा एकदा डोळ्याखालून घालावा. नवे टाइप करायला लिनक्समध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. भारत सरकारने १९९१ मध्ये प्रमाण ठरवलेला हा कळफलक हिंदीलाही जवळजवळ तसाच, त्यामुळे रायपूरच्या माणसाला एका शिकण्यात दोन भाषा.

छत्तीसगढीतला पडदा

ज्याचा मजकूर खुला आहे अशी प्रणाली भाषेसाठी काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण छत्तीसगडच्याच मातीतले आहे. राजनांदगावचे रविशंकर श्रीवास्तव हे मध्य प्रदेशच्या वीज मंडळात नोकरीला होते. रतलामला राहत असताना 'रवी रतलामी' या नावाने ते हिंदी संगणकविश्वात ओळखले जाऊ लागले. मंडळातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी 'इंडलिनक्स' या स्वयंसेवी उपक्रमातून लिनक्सचा पडदा हिंदीत आणण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले.

मग ते आपल्या बोलीकडे वळले. २०११ च्या जनगणनेत १ कोटी ६२ लाख लोकांनी छत्तीसगढी ही आपली मातृभाषा सांगितली. राज्याच्या विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. पण जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते, आणि तिच्यासाठी वेगळा पडदा करण्यात कोणत्याही मोठ्या कंपनीला फायदा दिसला नसता. लिनक्सला परवानगी मागायची गरज नव्हती. पडद्यावर उमटणाऱ्या हजारो छोट्या सूचनांची यादी खुली होती. बसायचे आणि एकेक ओळ आपल्या भाषेत लिहायची. श्रीवास्तवांनी ते केले. छत्तीसगढीतल्या या प्रणालीला २००९ चा मंथन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले.

त्यांच्या कामाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, नव्या सूचना जोडल्या जातात, आणि कोणी पुढे होऊन त्या भाषांतरित केल्या नाहीत तर पडदा हळूहळू परत इंग्रजीकडे सरकतो. यंत्रासारखेच भाषेचेही. सांभाळणारा हात हवा.

जे होणार नाही ते

कोणी उत्साहाच्या भरात दुकानातला हिशेबाचा संगणक लिनक्सवर आणू पाहील, त्याने थांबावे. टॅली विंडोजसाठी लिहिलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीने भरायची काही सरकारी कामे, काही जुने लेझर प्रिंटर, मुलांचे बरेचसे मोठे खेळ हे लिनक्सवर एक तर चालत नाहीत किंवा फार खटपट करायला लावतात. ज्या कामावर घर चालते त्या यंत्रावर प्रयोग करू नये. पंधरा वर्षांच्या यंत्रावर एकाच वेळी वीस पाने उघडून, वर सिनेमाही स्वच्छ दिसावा अशी अपेक्षाही करू नये. चित्रफितीचा दर्जा एक पायरी खाली ठेवला की भजन-कीर्तन आणि शाळेचे धडे बिनतक्रार दिसतात.

शिकण्याची भीती वाटत असेल तर मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे छोटे दृक्‌श्राव्य धडे आहेत. लिनक्सचे आणि लिबर ऑफिसचे धडे मराठीतही फुकट मिळतात. केरळातल्या सरकारी शाळांत तर एक पिढी लिनक्सवरच संगणक शिकून मोठी झाली.

आणि यंत्र खरोखरच गेले असेल तर? मग ते कबाडीवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत शिसे असते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे. नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच तो द्यावा आणि देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी.

दुपारी गल्लीतून 'कबाडीऽऽ' अशी हाळी येते. सूनबाई दाराशी जातात आणि वर्तमानपत्रांची रद्दी, दोन फुटक्या बादल्या देऊन परत येतात. भरतकामाचा रुमाल धुऊन दोरीवर वाळत घातलेला असतो.

आतून कळांचा आवाज येत असतो. हळू, एका बोटाने, मध्येच थांबत. अण्णांनी एक्याऐंशीवे पान काढले आहे.